वॉचमनला विचारा

ताई, नमस्कार.

आम्ही पुण्यात अरण्येश्वर भागात, आंबिल ओढ्यापासून दोन गल्ल्या आत राहतो. तीन मजली जुनी इमारत आहे, बारा घरं. पंधरा दिवसांपूर्वी जोराचा वळीव झाला, त्या संध्याकाळी मिस्टर चाकणला सेकंड शिफ्टला होते. घरात मी, नववीतली मुलगी आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. साडेसातला लाइट गेले. सव्वाआठच्या सुमाराला कुणीतरी दार वाजवलं. सेफ्टी डोअरमधून मोबाइलचा उजेड टाकला तर एक माणूस, एक बाई, तिच्या कडेवर प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेलं मूल आणि सात-आठ वर्षांचा एक मुलगा. समोरच्या बांधकामावरचे. शेडचे पत्रे उडाले म्हणाले. ‘ताई, थोडा वेळ बसू द्या.’ मी म्हणाले, ‘वॉचमनला विचारा.’ ते खाली गेले. आमच्याकडे गेल्या वर्षापासून वॉचमन नाही.

खिडकीतून बघितलं तर ते फाटकाबाहेर गुलमोहराखाली उभे होते. थोड्या वेळाने दिसेनासे झाले. रात्री त्याच झाडाची मोठी फांदी दोन स्कूटरवर पडली. खाली कुणी नव्हतं म्हणून बरं. दुसऱ्या दिवशी ती बाई साइटवर चूल पेटवताना दिसली, म्हणजे सुखरूप आहेत. पण तेव्हापासून मी दूध आणायला दुसऱ्या गल्लीने जाते. मिस्टर म्हणतात, बरोबर केलंस. मुलगी एवढंच म्हणाली, ‘आई, कुठला वॉचमन?’ सोसायटीच्या ग्रुपवर तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी ‘माणुसकी उरली नाही’ असं लिहिलं, तर सेक्रेटरींनी ठरावच आणलाय की वादळवाऱ्यात फाटकाला कुलूप लावायचं आणि बाहेरच्या कुणालाही आत घ्यायचं नाही. रविवारी मीटिंग आहे. मी चुकले का? पुन्हा असं झालं तर काय करू?

– एक वाचक, अरण्येश्वर

*

नमस्कार.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य तुम्ही सहज गाळू शकला असतात. ‘आमच्याकडे गेल्या वर्षापासून वॉचमन नाही.’ ते नसतं, तर मीच काय, कुणीही म्हटलं असतं की बाई घरात एकटी, वयात आलेली मुलगी, हलता न येणाऱ्या सासूबाई, वर अंधार. नाही उघडलं दार, ठीक केलं. तुम्ही ते वाक्य लिहिलंत. म्हणजे काटा कुठे रुतलाय ते तुम्हाला माहीत आहे, आणि तुमच्या लेकीनेही नेमकं तिथेच बोट ठेवलंय.

तेव्हा आधी दोन गोष्टी वेगळ्या करू या. दार न उघडणं ही एक, आणि नसलेल्या वॉचमनकडे धाडणं ही दुसरी. पहिलीबद्दल मी तुम्हाला बोल लावणार नाही. सत्तरीला आले, चाळीस वर्षं या शहरात लोकांच्या दारात जातेय-येतेय, तरी त्या रात्री तुमच्या जागी मी असते तर कडी काढली असती अशी शपथ मला घेता येणार नाही. चोऱ्या होतात. पाणी मागायच्या निमित्ताने दार उघडायला लावून म्हाताऱ्या माणसांना लुटल्याच्या बातम्या आपल्याच शहरातल्या असतात. तुम्हाला भीती वाटली ती काही हवेतून आली नव्हती.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना मात्र माझ्या वतीने एक विचारा. दार वाजल्याचा आवाज त्यांना आला होता का? लाइट गेलेले, टीव्ही बंद, पंखे बंद. जुन्या इमारतीत अशा वेळी खालच्या मजल्यावर कुणी खोकलं तरी वर ऐकू येतं. जिना उतरून ‘काय झालं हो?’ म्हणायला कुणी आलं असतं तर तुम्ही एकट्या पडला नसतात. बारा घरांचा निर्णय त्या रात्री एका बाईच्या गळ्यात पडला, आणि आता उरलेली अकरा घरं परीक्षक होऊन बसलीयत.

आता दुसऱ्या गोष्टीकडे येते. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, तेव्हा कुठे एक गोष्ट लक्षात आली. ती माणसं रस्त्यावर नव्हती. ती तुमच्या दारात होती, म्हणजे फाटकातून, पार्किंगमधून, जिना चढून आलेली होती. डोक्यावर पक्कं छप्पर, बाजूला भिंती. त्यांना आत घ्यायचं की नाही हा प्रश्न तुमच्यापुढे आलाच नव्हता. ती आत आलेलीच होती. तुम्हाला फक्त ‘इथेच जिन्यात बसा’ एवढं म्हणायचं होतं. सेफ्टी डोअरला कुलूप तसंच राहिलं असतं. फार तर जाळीतून एक जुनी चादर आणि पाण्याची बाटली सरकवली असती.

घाबरलेल्या माणसाला दोनच गोष्टी दिसतात, घर नाहीतर रस्ता. मध्ये केवढी जागा असते! दारापुढचा पॅसेज, जिन्याचं वळण, गच्चीच्या दाराशी जिथे सगळ्यांच्या मोडक्या कुंड्या आणि लग्नात मिळालेले जुने कूलर पडलेले असतात ती जागा. वाड्यांत ओसरी होती, देवडी होती. आलेला माणूस आत की बाहेर हे तिथे लगेच ठरवावं लागत नसे. आपल्या इमारतींत ओसरी राहिली नाही, पण जिना आहे की.

बाहेर धाडणं म्हणजे काय होतं तेही सांगायला हवं, कारण ‘दुसरीकडे कुठेतरी जातील’ असं आपण मनाशी म्हणतो. वळवात दुसरीकडे म्हणजे बहुतेक वेळा झाड, पत्र्याची टपरी नाहीतर होर्डिंग. १७ एप्रिल २०२३ला किवळ्यात हेच झालं. वारा-पाऊस सुटला म्हणून लोक होर्डिंगच्या आडोशाला थांबले, ते होर्डिंगच खाली आलं आणि ५ जण गेले. पुढच्या वर्षी १३ मे २०२४ला घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग पडलं, तेव्हा १७ माणसं गेली. तीही वादळाचीच वेळ होती. आणि विजेचं म्हणाल तर झाडाखाली उभं राहणं उघड्यावर राहण्याइतकंच वाईट; झाडावर पडलेली वीज बुंध्यातून शेजारच्या माणसाकडे उडी मारते. तुमच्या गुलमोहराची फांदी स्कूटरवर पडली. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ, पहिल्या वळवात पुण्यात जी झाडं मोडतात त्यांत हे ठरलेलं. हे मी तुम्हाला टोचायला सांगत नाहीये. रविवारी मीटिंगमध्ये कुणीतरी नक्की म्हणेल, ‘आपण नाही घेतलं तर काय बिघडतं, जातील कुठेतरी.’ तेव्हा हे बोलता यावं म्हणून सांगतेय.

माझ्या सासूबाई पानशेतच्या पुराची गोष्ट सांगायच्या. १२ जुलै १९६१. सकाळी पानशेत धरण फुटलं, मग खडकवासला, आणि नदीकाठच्या पेठांतून पाणी शिरलं. त्यांचं बिऱ्हाड सदाशिव पेठेच्या वरच्या अंगाला, तिथवर पाणी आलं नाही. पण माणसं आली. नारायण पेठेतली, शनिवारातली, कुणाच्या तरी ओळखीच्या ओळखीची, आणि काही अजिबात कुणाच्याच ओळखीची नसलेली. चार दिवस ओसरीवर आणि माजघरात मिळून बावीस माणसं. नळाला पाणी नाही, वाड्याची विहीर उपसायची. चुलीवर एका वेळी पिठलं, एका वेळी भात.

ही गोष्ट त्यांनी मला निदान पन्नास वेळा सांगितली असेल, आणि प्रत्येक वेळी शेवट एकच. ‘बावीस माणसं होती हो चार दिवस. आणि माझं नाव घातलेलं पितळी पातेलं गेलं.’ लग्नातलं होतं ते. कुणी नेलं कळलं नाही. चाळीस वर्षांनंतरही त्यांना त्या पातेल्याचा राग यायचा आणि चाळीस वर्षांनंतरही त्या बावीस माणसांचा अभिमान वाटायचा, दोन्ही एकाच दमात. मी नवी सून होते तेव्हा मला वाटायचं, केवढं मोठं काम केलं आणि पातेल्याचं काय घेऊन बसल्यात. आता वाटतं, पातेलं गाळून गोष्ट सांगितली असती तर मी तिच्यावर विश्वास ठेवला नसता.

आणखी एक बारीक गोष्ट त्या मध्येच सांगून जायच्या. माणसं आली तेव्हा त्यांनी सगळ्यांत आधी कोठीच्या खोलीला कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली, दागिन्यांचा डबा माडीवरच्या कुलकर्णीणबाईंकडे दिला आणि मग ओसरीवर घोंगडी अंथरली. म्हणजे आधी कुलूप आणि मग आसरा. त्यात त्यांना काही विसंगती वाटली नाही. आपल्याला का वाटावी? तुम्ही सेफ्टी डोअर बंद ठेवून जिन्यात जागा दिली असतीत तर ती अर्धवट माणुसकी झाली असती, असं ग्रुपवरच्या कुणी म्हटलं तर त्यांना ही कोठीची किल्ली सांगा.

आता तुम्ही म्हणाल, तेव्हाचं पुणं वेगळं, सगळे एकमेकांना ओळखत. नव्हते हो ओळखत. पण दरवर्षी जून-जुलैत आपण काय बघतो? माउलींची पालखी भवानी पेठेत पालखी विठोबाला, तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला, दोन दिवस मुक्काम. पेठांतल्या जिन्यांत, पार्किंगमध्ये, शाळांच्या वर्गांत हजारो अनोळखी माणसं झोपतात. त्या रात्री कुणी ठराव आणत नाही. अर्थात त्यात भक्ती आहे. पण मी नाना पेठेत भाड्याने राहायचे तेव्हा बघितलंय, भक्तीच्या बरोबरीने तिथे बंदोबस्त असतो. दिंडीला क्रमांक असतो, विणेकरी असतो, ट्रक कुठे लागणार ते ठरलेलं असतं, आणि तीच दिंडी वर्षानुवर्षं त्याच वाड्यात उतरते. आमच्या घरमालकीणबाईंना त्यांच्या दिंडीतल्या चाळीस माणसांपैकी चार नावं माहीत होती. तेवढी पुरायची. त्या चौघांतलं कुणी उरलेल्यांना ओळखायचं.

तुमच्या समोरच्या साइटवरच्या माणसांतली किती नावं तुम्हाला माहीत आहेत? त्या बाईला तुम्ही चूल पेटवताना पाहिलंत आणि लगेच ओळखलंत. म्हणजे चेहरा ओळखीचा झालाय. बांधकाम चालू होऊन वर्ष-सहा महिने तरी झाले असतील. तुमच्या फाटकाबाहेरच्या नळावर कधी हंडा भरायला येतात का? किराणा तुमच्याच कोपऱ्यावरच्या दुकानातून नेतात का? रोज दिसणाऱ्या माणसाला आपण ‘अनोळखी’ म्हणतो, कारण त्याच्याशी बोलायची वेळ कधी आणलेली नसते. मग ती वेळ येते ती नेमकी अंधारात, वादळात, आणि एकट्या बाईवर.

म्हणून रविवारची मीटिंग मला तुमच्या त्या रात्रीपेक्षा महत्त्वाची वाटते. तिथे गप्प बसू नका.

सेक्रेटरींच्या ठरावातलं कुलूप आधी हाणून पाडा, आणि त्यासाठी माणुसकीचा मुद्दा काढूच नका. त्यावर वाद होईल आणि चहा येईल. सरळ विचारा की रात्री वादळात फाटकाला कुलूप असताना सासूबाईंना दवाखान्यात न्यायची वेळ आली तर किल्ली कुणाकडे? सेक्रेटरी त्या दिवशी मुलाकडे हिंजवडीला गेले असतील तर? तुमचा भाग तर २५ सप्टेंबर २०१९ची रात्र बघितलेला. आंबिल ओढ्याचं पाणी किती वेळात कुठवर आलं, टांगेवाले कॉलनीत भिंत कशी पडली, माणसं कशी गेली, हे तुमच्या मीटिंगमधल्या निम्म्या लोकांना तोंडपाठ असेल. त्या रात्री कुणाच्या फाटकाला बाहेरून-आतून कुलूप असावं असं त्यांच्यातल्या एकाला तरी वाटतं का, विचारा.

आणि याच्याच ओघात एक फरक सगळ्यांच्या डोक्यात बसवा, कारण तो जिवावरचा आहे. वळीव वेगळा, पूर वेगळा. एप्रिल-मेमध्ये दुपारभर तापतं, संध्याकाळी ढग उभे चढतात, वारा, वीज, कधी गारा, आणि बहुतेक वेळा तासा-दोन तासांत खेळ संपतो. तेव्हा पार्किंगसुद्धा चालतं, पत्र्याचं नको, स्लॅबखालचं. भिंतीला न टेकता, विजेच्या बोर्डापासून लांब. शेवटचा गडगडाट झाल्यावर आणखी अर्धा तास थांबायचं. पण जुलै ते ऑक्टोबरमधला रात्रीचा मुसळधार पाऊस असेल आणि ओढा फुगत असेल, तर पार्किंगमध्ये कुणालाही बसवायचं नाही, ना बाहेरच्यांना, ना आपल्या गाड्या हलवायला निघालेल्या पुरुषांना. सरळ पहिल्या मजल्याच्या वर. पाणी फाटकाशी आलं की, कोरड्यात उभं राहून बंद करता येत असेल तरच, खालचा मेन स्विच बंद. २५ जुलै २०२४च्या पहाटे पुलाची वाडीत तीन तरुण हातगाडी हलवायला पाण्यात उतरले आणि विजेचा धक्का बसून गेले. त्याच दिवशी खडकवासल्यातून ३५,००० क्युसेकच्या वर विसर्ग होता आणि सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत लोक झोपेतून उठले ते पाण्यात.

मग ठरवायचं काय? माझ्या मते, सगळ्यांत आधी हे की असा प्रसंग आला तर कुणी एकट्याने दाराशी बोलायचं नाही. दार वाजलं की वरच्या किंवा शेजारच्या घराला फोन, दोन घरांतली माणसं जिन्यात आली की मग बोलणं. तुमच्यासारखी घरात एकटी बाई असेल तर तिने फक्त फोन करायचा, बाकीचं इतरांनी बघायचं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचं नाव यादीत पहिलं घाला. खरंच घाला, हौशी माणूस दिसतोय.

बसायची जागा आत्ताच ठरवा. जिन्याचं पहिलं वळण असेल तर तिथल्या सायकली हलवा. वॉचमनचा संडास तुमच्याकडे असेलच, वर्षभर कुलूपबंद. त्याची किल्ली मीटर बोर्डाशेजारी खिळ्याला टांगा आणि आत बादली भरून ठेवा. लहान मूल कडेवर असलेल्या बाईला वादळात सगळ्यांत आधी काय लागतं हे पुरुषांच्या मीटिंगमध्ये कुणाला सुचणार नाही, म्हणून तुम्हीच बोला. एक टॉर्च, सेल वेगळे काढून ठेवलेला. सेल आत घालून ठेवले की दोन पावसाळ्यांत पाझरतात आणि ऐन वेळी टॉर्चच्या पोटात हिरवी पावडर निघते.

एक वही. आलेल्या माणसाचं नाव, साइटचं नाव, मुकादमाचा नंबर. आणि त्याच पानावर, त्यांच्यासमोर, तुमच्यातल्या दोघांची नावं आणि नंबर लिहून त्यांना द्या. एकट्यानेच कागद भरायचा असेल तर ती चौकशी वाटते. दोघांनी भरला तर ओळख. कुणी दारू पिऊन आलं असेल, दार ढकलत असेल, सांगूनही वर चढत असेल तर ११२. तिथे संकोच नको. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा १०७७ आणि अग्निशमनचा १०१ वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

घरी जेवण आणून देणारी मुलंही यात धरा. त्यांना आपण पावसात बोलावतो आणि पिशवी हातात पडली की फाटकाबाहेर काढतो. वीज चमकत असताना ‘भाऊ, पाच मिनिटं पार्किंगमध्ये थांब’ म्हणायला कुणाची परवानगी लागते?

फाटक बंद असताना कुणी आलं आणि खाली उतरायचं धाडस होत नसेल, तर आपल्या आया गॅलरीतून दोरीला पिशवी बांधून भाजी वर घ्यायच्या ते आठवा. किल्ली त्याच पिशवीतून खाली सोडता येते. फाटक उघडून पार्किंगमध्ये बसा आणि किल्ली पिशवीत परत टाका. कुणाला दार उघडावं लागत नाही, कुणाला जिना उतरावा लागत नाही. पुण्यात अजून काही घरांत ती दोरी असेल. तुमच्या सासूबाईंना विचारा, त्यांना गाठ मारता येत असणार.

साइटचं प्रकरण मात्र फक्त तुमच्या जिन्यावर टाकू नका. बांधकाम मजुरांसाठी १९९६चा केंद्राचा कायदा होता (२०२५मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली), त्यात काम चालू असेपर्यंत मजुरांना राहायला जागा, स्वयंपाकाची, आंघोळीची, संडासाची सोय मालकाने मोफत करून द्यायची असं लिहिलं होतं. जागा म्हणजे पहिल्या वाऱ्यात उडणारे पत्रे असा त्याचा अर्थ होत नाही. सोसायटीच्या लेटरहेडवर बिल्डरला दोन ओळींचं पत्र जाऊ दे: वादळ आलं तर तुमच्या शेडमधली माणसं कुठे जाणार, ते आम्हाला लेखी कळवा. शेड कुठल्या कंपाउंड वॉलला टेकून आहेत तेही जाऊन बघा. २९ जून २०१९ला मध्यरात्रीनंतर कोंढव्यात एका सोसायटीची भिंत शेजारच्या मजुरांच्या झोपड्यांवर पडली. १५ माणसं गेली, त्यांत लहान मुलं होती. भिंत सोसायटीची होती, झोपड्या साइटच्या. तुमची मागची भिंत ओली होऊन फुगलीय का, हे वर चढून बघायला सेक्रेटरींना सांगा; ठराव टाइप करण्यापेक्षा ते काम लवकर होईल.

या सगळ्यातून एक दिवस कुणाचं तरी पातेलं जाईल. सायकलचा पंप, जिन्यातली चप्पल, काहीतरी. तेव्हा ग्रुपवर ‘मी म्हटलं होतं’ येणार. येऊ दे. पातेल्याबद्दल चिडायचा हक्क सगळ्यांना आहे. ते गेलं म्हणून पुढच्या वेळी जिना बंद करायचा का, एवढंच त्यांना शांतपणे विचारायचं.

आता लेक. तिला पटवायला जाऊ नका, आणि ‘मोठी झालीस की कळेल’ तर चुकूनही म्हणू नका. नववीतल्या मुलीला सगळं कळतं. तिला सांगा, मी घाबरले होते, आणि घाबरून खोटं बोलले. तिच्यासाठी घाबरले होते हे लगेच जोडू नका, ते ओझं तिला देऊ नका. विचारलं तर सांगा. आणि रविवारी तिला मीटिंगला घेऊन जा. वही तिलाच आखू दे. तिचं अक्षर तुमच्या सेक्रेटरींपेक्षा नक्की बरं असेल.

राहिली ती बाई. साडी, मिठाई, मुलांना खाऊ असलं काही घेऊन जाऊ नका. प्रायश्चित्ताचं पाकीट दिलं की समोरच्याला ‘असू दे ताई’ म्हणावंच लागतं आणि विषय तिथेच मिटतो. दूध आणायला नेहमीच्या गल्लीने जा. पहिल्या दिवशी नुसतं हसा. ती तोंड फिरवेल कदाचित, तोही तिचा हक्क आहे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थांबा आणि सांगा की त्या रात्री आमच्याकडे वॉचमन नव्हताच, मी घाबरले होते, तुम्ही जिन्यात बसला असतात तर चाललं असतं. मग धाकट्याचं नाव विचारा.

आणि विचारा की गुलमोहराखालून ते कुठे गेले. मला पत्र वाचल्यापासून हेच राहून राहून वाटतंय. फांदी पडली तेव्हा खाली कुणी नव्हतं. म्हणजे त्याआधी ते कुठेतरी गेले होते, आणि सकाळी चूल पेटवायला परत आले, दोन्ही पोरांसकट. मारुतीच्या देवळात गेले असतील, कुणाच्या दुकानाच्या शटरआड, नाहीतर तुमच्याच गल्लीत कुणीतरी त्यांना जिन्यात बसवलं असेल आणि ग्रुपवर त्याबद्दल एक अक्षर लिहिलं नसेल. कळलं तर मला कळवा.